कच्चे आणि पक्के

'पदार्थ' हा शब्द भारतीय विचारात आणि व्यवहारात फार दूरवर फिरून आलेला शब्द आहे. वैशेषिकांच्या दर्शनात जे आहे, जे जाणता येते आणि ज्याला नाव देता येते त्या सर्वांचे वर्ग म्हणजे पदार्थ होत. शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात तो वस्तुमान असणाऱ्या आणि जागा व्यापणाऱ्या वस्तूचा वाचक होतो. मराठी स्वयंपाकघरात मात्र पदार्थ म्हणजे ताटात वाढायची गोष्ट. चार पदार्थ केले म्हणजे पाहुणचार झाला. एकाच शब्दाची ही तीन घरे वरवर पाहता परस्परांना अपरिचित वाटतात. परंतु तिन्ही ठिकाणी मूळचा प्रश्न एकच आहे: वस्तू बदलते तेव्हा नेमके काय बदलते, आणि काय तसेच राहते?

या प्रश्नाचे उत्तर शालेय रसायनशास्त्राने दोन मथळ्यांत वाटून दिलेले आहे. बर्फ वितळते, पाणी उकळते, कागद फाटतो; या बदलांत द्रव्य तेच राहते, केवळ त्याची अवस्था किंवा आकार बदलतो. हे भौतिक बदल. कागद जळतो, लोखंड गंजते, कैरी पिकते. या बदलांत मूळचे द्रव्य उरत नाही, निराळ्या गुणधर्मांचे निराळे द्रव्य तयार होते. हे रासायनिक बदल. पहिल्या वर्गातील बदल बहुधा उलटवता येतात, दुसऱ्या वर्गातील बहुधा येत नाहीत. परीक्षेपुरते हे दोन मथळे पाठ केले जातात आणि पुढे विसरले जातात. साहित्याच्या अभ्यासकाला त्यांचे प्रयोजन पडेल अशी कल्पनाही सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः भारतीय साहित्यातील कितीतरी थोर रूपके याच दोन मथळ्यांच्या सीमारेषेवर उभी आहेत; आणि ती रेषा न ओळखता केलेले त्यांचे वाचन पुष्कळदा अर्धेच राहते.

न्यायसूत्रांनी दृष्टान्ताची जी व्याख्या केली आहे ती या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे. सामान्य माणूस आणि चिकित्सक परीक्षक या दोघांचेही ज्या गोष्टीविषयी एकमत असते ती गोष्ट दृष्टान्त म्हणून वापरता येते, असा तिचा आशय आहे. म्हणजे दृष्टान्त हा अलंकार नव्हे. तो पुराव्याचा भाग आहे. मडक्याचा दृष्टान्त द्यायचा तर तो कुंभारालाही पटला पाहिजे आणि पंडितालाही. या कसोटीत आजच्या रसायनशास्त्रज्ञालाही परीक्षक म्हणून बसवले तर जुन्या दृष्टान्तांचे काय होते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

छान्दोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, एकामागून एक दृष्टान्त देतो. त्यांपैकी मिठाचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. मीठ पाण्यात टाकले, सकाळी ते दिसेनासे झाले; पण वरचे, मधले, तळाचे कोणतेही पाणी चाखले तरी खारटच लागते. परीक्षकाने या प्रयोगाला सहज मान्यता द्यावी. विद्रावण सर्वत्र सारखे असते, आणि पाणी आटवले की मीठ जसेच्या तसे परत मिळते. कोकणातील आणि गुजरातेतील मिठागरे याच तत्त्वावर चालतात. जे दिसत नाही ते नाहीसे झालेले नसते, हे सांगण्यासाठी याहून निर्दोष उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

सोन्याचा दृष्टान्तही तितकाच निर्दोष आहे. कडे, कंकण, बिलवर ही नावे आणि आकार. खरे ते सोने. सोने १,०६४ अंश सेल्सियसला वितळते, थंड झाले की पुन्हा घट्ट होते. हवेतील प्राणवायूशी ते संयोग पावत नाही, साध्या आम्लांना दाद देत नाही. आजीच्या पाटल्या मोडून नातीच्या बांगड्या केल्या तरी सोन्यात काही फरक पडत नाही; फरक पडतो तो घडणावळीत आणि घटीत. अद्वैत विचाराला सोने इतके प्रिय का झाले, याचे एक कारण त्याच्या या रासायनिक उदासीनतेत आहे. इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीपासून पुढच्या मराठी संतवाङ्मयापर्यंत सोने आणि लेणे यांची जोडी पुनःपुन्हा भेटते, आणि प्रत्येक वेळी ती एकच गोष्ट सांगते: बदल वरचा आहे, आतले तेच आहे.

याच्या अगदी उलट टोकाला दूध आणि दही उभे आहेत. सांख्यांनी परिणामवादाच्या समर्थनार्थ हे उदाहरण वापरले. पुढे वेदान्तातही खरा विकार आणि नुसता भास यांतला भेद दाखवताना दही विकाराच्या बाजूला बसले आणि दोरीवर दिसणारा साप भासाच्या बाजूला. येथे उदाहरण निवडणाऱ्याची नजर चुकलेली नाही. विरजण लावले की त्यातील जीवाणू दुधातील शर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधाचा सामू ४.६ च्या आसपास उतरला की केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना दूर ठेवू शकत नाहीत. ते एकत्र येतात आणि दूध थिजते. दह्याचे दूध करता येत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. म्हणजे सोने हा भौतिक बदलाचा दृष्टान्त, दही हा रासायनिक बदलाचा. आणि ज्या दर्शनाला जगाविषयी जे म्हणायचे होते त्याने त्या जातीचे द्रव्य उचलले.

अडचण येते ती मातीपाशी. छान्दोग्यातला पहिला दृष्टान्त मातीचाच आहे. एक मातीचा गोळा जाणला की मातीचे सर्व काही जाणले जाते. घट, शराव ही केवळ नावे, माती हेच सत्य. त्याच्या शेजारीच सोन्याचा आणि लोहाचा दृष्टान्त येतो, त्यामुळे वाचकाची समजूत अशी होते की तिन्ही उदाहरणे एकाच जातीची आहेत. परंतु कुंभाराला विचारले तर तो क्षणभर थांबेल. चाकावरून उतरलेले ओले मडके मोडले तर त्याची माती होते, यात शंका नाही. सुकलेले मडके पाण्यात टाकले तरी ते विरघळून चिखल होतो. पण आव्यातून निघालेले मडके फुटले तर त्याची माती होत नाही, खापरी होते. ती खापरी वर्षभर पाण्यात ठेवली तरी खापरीच राहते. सोन्याचा दागिना आयुष्यभर सोने राहतो. मातीचे मडके मात्र आव्यात जाईपर्यंतच त्या अर्थाने माती असते. त्यानंतरही ते 'मातीचेच' म्हटले जाते, पण तो भाषेचा व्यवहार आहे. नाव तेच राहते आणि द्रव्य पालटते, अशी ही स्थिती आहे. उपनिषद म्हणते त्याच्या नेमकी उलट.

मडक्याच्या या दोन जन्मांचा वृत्तान्त आज बराच बारकाईने सांगता येतो. कुंभाराची माती ही एक वस्तू नव्हे. तिच्यात चिकणमातीची खनिजे असतात, बारीक वाळू असते, लोहाची संयुगे, थोडा चुना आणि कुजलेला पालापाचोळा असतो; कुंभार तिच्यात राख किंवा लीद मिसळतो ती निराळीच. चिकणमातीची खनिजे पातळ पापुद्र्यांची बनलेली असतात. त्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की ते एकमेकांवरून घसरू लागतात. मातीला लवचीकपणा येतो तो यामुळे. मडके सावलीत सुकत ठेवले की हे मधले पाणी उडून जाते, पापुद्रे जवळ येतात, मडके आकसते. घाई करून उन्हात ठेवले तर एक बाजू आधी आकसते आणि मडके तडकते. येथपर्यंत सर्व बदल भौतिक आहेत. पाणी आले, पाणी गेले. पुन्हा पाणी घातले की पुन्हा चिखल.

आव्यात निराळेच घडते. उष्णता वाढत गेली की प्रथम उरलासुरला ओलावा जातो, मग पालापाचोळा आणि लीद जळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. सुमारे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मुख्य घटना घडते. केओलिनाइटसारख्या खनिजाच्या रचनेतच हायड्रॉक्सिल गट गुंफलेले असतात. ते ओलाव्यासारखे मध्ये अडकलेले पाणी नव्हे; त्या खनिजाच्या देहाचाच तो भाग होय. या तापमानाला ते गट तुटतात आणि वाफ होऊन निघून जातात. शुद्ध केओलिनाइटचे जवळजवळ १४ टक्के वजन अशा रीतीने जाते. जे मागे उरते त्याची घडी विस्कटलेली असते. आणखी तापमान चढले की कणांच्या कडा वितळू लागून एकमेकांना चिकटतात. उघड्या आव्यात तापमान बहुधा ७०० ते ९०० अंशांच्या आसपास पोचते. चिनी मातीच्या भांड्यांना लागणारी भट्टी याहून पुष्कळ तापते. तरी मडके पक्के व्हायला एवढे पुरते. थंड झाल्यावर ते पाण्याला भीत नाही.

त्याच आव्यात, त्याच मडक्यात, एक भौतिक बदलही शेजारी चालू असतो. वाळूतील क्वार्ट्झचे स्फटिक ५७३ अंशांना आपली रचना किंचित बदलून फुगतात, आणि निवताना त्याच तापमानाला पुन्हा पूर्वरूपावर येतात. म्हणून आवा एकदम उघडला तर मडकी तडकण्याची भीती असते. एकाच आगीत एक घटक कायमचा बदलतो आणि दुसरा बदलून परत येतो. शाळेतील दोन मथळे वस्तूंचे वर्ग पाडत नाहीत. एकाच वस्तूच्या आत चालणाऱ्या घटनांचे वर्ग पाडतात, हे यावरून ध्यानात येते.

रंगाची कथा आणखी मनोरंजक आहे. मातीला पिवळटपणा देणारी लोहाची संयुगे तापली की आपले पाणी टाकतात आणि लाल हेमॅटाइट होतात. मडक्याची लाली ती हीच. मात्र आव्यात हवा कोंडली, धूर दाटला, तर प्राणवायू अपुरा पडतो आणि तेच लोह मॅग्नेटाइटसारख्या काळ्या रूपात जाते. त्यात धुराच्या काजळीचीही भर पडते. प्राचीन भारतात ठिकठिकाणी सापडणारी काळी-आणि-लाल मृद्भांडी, आतून आणि काठाशी काळी व बाहेरून लाल, ती पालथी ठेवून भाजल्याने अशी होत असावीत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आत हवा पोचली नाही तेथे काळे, बाहेर पोचली तेथे लाल. लोह तेच, त्याला सोबत कोणाची आणि किती मिळाली, यावर रंग ठरला. संगमनेरजवळील जोर्वे गावी १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि त्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी ताम्रपाषाणयुगीन भांडी प्रसिद्धीस आली. लाल अंगावर काळी नक्षी असलेली ही भांडी इतकी चांगली भाजलेली आहेत की वाजवली असता धातूसारखा नाद देतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कुंभाराला हेमॅटाइट हे नाव ठाऊक नव्हते. हवा केव्हा आत सोडावी हे मात्र नेमके ठाऊक होते.

भारतीय दर्शनांनी आव्यातल्या या घटनेकडे पाठ फिरवली असती तर नवल नव्हते. पण तसे झाले नाही. कच्चे मडके काळसर असते आणि भाजल्यावर लाल होते, या साध्या निरीक्षणावर वैशेषिक आणि नैयायिक यांच्यात कित्येक शतके वाद चालला. वैशेषिकांचा पक्ष 'पीलुपाक' या नावाने ओळखला जातो. पीलु म्हणजे परमाणू. त्यांच्या मते अग्नीच्या संपर्काने मडके परमाणूंपर्यंत विघटित होते, त्या सुट्या परमाणूंचा काळा रंग नष्ट होऊन त्यांच्यात लाल रंग उत्पन्न होतो, आणि मग ते परमाणू पुन्हा जुळून नवे मडके तयार होते. हे सर्व इतक्या वेगाने घडते की डोळ्याला दिसत नाही. या विघटनाला आणि पुनर्घटनेला किती क्षण लागतात याचीही मोजदाद त्यांनी केली. कोणी नऊ सांगितले, कोणी दहा, कोणी अकरा. ज्याची बुद्धी या पाकप्रकरणात अडखळत नाही तोच खरा वैशेषिक, अशा अर्थाची उक्ती माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात आढळते, इतके हे प्रकरण अवघड मानले गेले होते.

नैयायिकांचा पक्ष 'पिठरपाक' असा. पिठर म्हणजे भांडे. त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे. मडके जर आव्यात खरोखर विघटित होत असेल तर त्याच्यावर रचलेली मडकी खाली का कोसळत नाहीत? जितकी मडकी आत ठेवली तितकीच बाहेर कशी येतात? आणि 'हे तेच मडके' अशी ओळख कुंभाराला कशी पटते? मडके सच्छिद्र असते. अग्नी त्या छिद्रांतून आत शिरतो आणि मडके न मोडता त्याचा रंग पालटतो, एवढेच मानणे पुरेसे आहे.

आजच्या परीक्षकाने या वादाचा निकाल द्यायचा ठरवला तर दोघांनाही थोडे थोडे माघारी पाठवावे लागेल. मडक्याचा आकार आणि त्याचे अखंडत्व टिकून राहते, याबाबत नैयायिकांचे म्हणणे खरे. पण बदल पृष्ठावरचा नसून डोळ्याला न दिसणाऱ्या सूक्ष्म पातळीवर जुने बंध तुटून नवे जुळण्याचा आहे, ही वैशेषिकांची जाणही मोलाची. चुकले ते दोघेही रंगाच्या बाबतीत. रंग हा परमाणूच्या अंगी असलेला गुण आहे, असे वैशेषिक मानत. प्रत्यक्षात लोहाचा परमाणू ना काळा ना लाल. रंग त्याच्या जोडणीतून निर्माण होतो. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह यांचे परमाणू आव्यात जसे गेले तसेच बाहेर येतात. आव्यातली वाफ आणि धूर पकडून तोलता आले तर आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या सगळ्यांचे वजन सारखेच भरेल, हा लाव्हाझिएने १७८९ साली आपल्या ग्रंथात मांडलेला नियम येथेही मोडत नाही.

या वादाचा आधुनिक काळात पुनश्च परामर्श घेतला गेला तो बंगालमध्ये. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या हिंदू रसायनाच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ साली आणि दुसरा १९०९ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या खंडात ब्रजेंद्रनाथ सील यांनी प्राचीनांच्या भौतिक व रासायनिक सिद्धान्तांची मांडणी केली, आणि १९१५ साली त्यांचा स्वतंत्र ग्रंथही निघाला. पारतंत्र्याच्या काळात अशा लेखनामागे अस्मितेची प्रेरणा असणे स्वाभाविक होते. परंतु पीलुपाकात आधुनिक परमाणुवाद शोधण्याचा मोह आज टाळलेलाच बरा. डाल्टनचा परमाणू तराजूतून जन्मला. कणादाच्या परंपरेतला परमाणू तर्कातून. वैशेषिकांनी मडके आव्यात जाण्यापूर्वी आणि नंतर तोलले असते तर वाद कदाचित निराळ्या दिशेने गेला असता. त्यांचा मोठेपणा दुसरीकडे आहे. सोन्याच्या दृष्टान्तावर समाधान मानून चालले असते, तरीही ते आव्यापाशी थांबले आणि 'तेच' या शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न त्यांनी विचारला.

तोच प्रश्न मराठी संतपरंपरेत एका कुंभाराच्या अंगणात पुन्हा उभा राहिला. तेर गावच्या गोरोबाकाकांच्या घरी निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई आणि नामदेव ही मंडळी जमली होती. महिपतींच्या १७६२ सालच्या भक्तविजयामुळे घरोघरी पोचलेली ही कथा सर्वपरिचित आहे. कोपऱ्यातील थापटणे पाहून मुक्ताबाईने ते कशासाठी, असे विचारले. मडके कच्चे की पक्के हे याने कळते, असे उत्तर मिळाल्यावर ती म्हणाली, मग आमची ही मडकीही पाहा. गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. सगळे निमूट राहिले. नामदेव मात्र रागावले. 'हे मडके कच्चे', असा निर्णय झाला.

कथा इतकी कानावरून गेलेली आहे की तिच्यातील एक विसंगती सहसा लक्षात येत नाही. बाजारात मडके घेताना गिऱ्हाईक ते बोटाने वाजवून घेते. खणखणीत नाद आला तर पक्के. बद्द आवाज आला तर कच्चे किंवा चिरलेले. गोरोबांच्या अंगणात मात्र जो वाजला तो कच्चा ठरला आणि जे वाजले नाहीत ते पक्के ठरले. शिवाय थापटणे हे भाजलेल्या मडक्यावर चालवायचे हत्यार नव्हेच. चाकावरून उतरलेले मडके थोडे आवळले की आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापटण्याने ठोकतात. त्याने भिंत पातळ होते, पोट फुगते, आकार सिद्ध होतो. भाजलेल्या मडक्यावर कोणी थापटणे चालवील तर खापऱ्या वेचाव्या लागतील.

ही कथाकाराची गफलत मानायची काय? तसे मानण्याचे कारण नाही. कथेची कसोटी नादाची नसून आकाराची आहे, असे धरले की सर्व जुळून येते. थापटण्याचा आघात झाला असता ओल्या मातीवर ठसा उठतो. तिचा आकार बदलतो. नामदेवांवर ठसा उठला. इतरांवर उठला नाही, कारण त्यांच्यात बदलण्यासारखे काही उरलेले नव्हते. ते आव्यातून पार पडलेले होते. म्हणजे 'कच्चा' हा शब्द येथे केवळ उणेपणाचा राहत नाही. घडू शकणे हा कच्च्या मातीचाच गुणधर्म आहे. पक्क्या मडक्याला तो कायमचा गमवावा लागतो. पाणी धरण्याची शक्ती त्याला मिळते ती या किमतीवर.

संतकथेने सोन्याचा दृष्टान्त हाताशी असताना मडक्याचा का घेतला, याचेही उत्तर येथे मिळते. सोन्याच्या दृष्टान्तात साधकाला काही व्हायचे नसते. तो मुळातच सोने असतो, फक्त मळ जायचा असतो. मडक्याच्या दृष्टान्तात मात्र त्याला आगीतून जावे लागते, आणि जो आत जातो तोच नेमका बाहेर येत नाही. पहिला दृष्टान्त धीर देतो; दुसरा धोका सांगतो. आव्यात प्रत्येक वेळी काही मडकी फुटतात, हे कुंभाराला माहीत असते. गुरूविषयी लिहिताना भारतीय भाषांतील कवी कधी सोनाराकडे वळतात, कधी कुंभाराकडे. अनुवादकाने आणि समीक्षकाने ही दोन वळणे एकच मानू नयेत. त्यांच्यातील अंतर शैलीचे नाही; माणसाविषयीच्या समजुतीचे आहे.

गोरोबांच्याच चरित्रात दुसरी एक कथा आहे, आणि ती अधिक कठोर आहे. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना त्यांचे रांगते मूल पायाखाली आले. पुढे नामस्मरणाच्या बळावर ते मूल जिवंत परत आले, असे कथा सांगते. रसायनशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर ही कथा न उलटणारा बदल उलटवून दाखवण्याची मागणी करते. श्रद्धाळू तिला चमत्कार म्हणेल आणि चिकित्सक अशक्य म्हणेल. पण ज्या समाजात ती शतकानुशतके सांगितली आणि ऐकली गेली त्या समाजाला मेलेले मूल परत येत नाही हे ठाऊक नव्हते, असे नाही. ते नको तितके ठाऊक होते. चिखल पुन्हा मळता येतो, मूल पुन्हा घडवता येत नाही, हा भेद त्या अंगणात कोणालाही शिकवावा लागत नव्हता. कथेतील चमत्काराला वजन आले आहे ते त्या ज्ञानामुळेच.

पक्के झालेले मडके मग करते तरी काय? उन्हाळ्यात माठातील पाणी गार होते हे सर्वांना परिचित आहे. आव्यात लीद जळून राहिलेल्या पोकळ्यांतून पाणी पाझरते, बाहेर येऊन उडून जाते, आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी उडून जाते तेव्हा सुमारे २,४०० ज्यूल उष्णता खर्च होते. तेवढ्यात जवळपास ५८० ग्रॅम पाणी एक अंशाने निवते. हा भौतिक बदल, रोज घडणारा आणि रोज उलटणारा. तो शक्य होतो ते एकदाच घडलेल्या आणि न उलटणाऱ्या बदलामुळे. कच्च्या मडक्यात पाणी ठेवताच येत नाही. आणि काचेच्या बाटलीतले पाणी असे आपोआप गार होत नाही.

परंतु पक्केपणाही निरपवाद नाही, असे अलीकडचे ज्ञान सांगते. भाजलेली माती हवेतील ओलावा फार सावकाश, पण सतत शोषून घेते. आणि तो नुसता पोकळ्यांत बसत नाही, तर खनिजाच्या रचनेत पुन्हा रासायनिक रीतीने जोडला जातो. आव्याने जे हायड्रॉक्सिल गट हिरावले ते शतकानुशतके कणाकणाने परत येत असतात. वजनातील ही वाढ काळाच्या चतुर्थमूळाच्या प्रमाणात होते, असे आढळल्यावर मँचेस्टर आणि एडिंबरा येथील संशोधकांनी २००९ साली तिच्यावरून विटा-खापऱ्यांचे वय काढण्याची पद्धत सुचवली. या पद्धतीच्या मर्यादांची चर्चा पुढे झाली. परंतु त्या पहिल्या प्रयोगांतील एक हकीकत विसरण्याजोगी नाही. कँटरबरी येथील एका मध्ययुगीन विटेचे वय अवघे ६६ वर्षे निघाले. शोध घेतल्यावर उलगडा झाला की १९४२ साली त्या शहरावर आग लावणारे बाँब पडले होते. त्या आगीत वीट पुन्हा एकदा भाजली गेली, शतकांचा साठलेला ओलावा गेला, आणि तिचे वय नव्याने शून्यापासून सुरू झाले. एकदा पक्के झालेलेही सावकाश कच्चेपणाकडे सरकत असते, आणि दुसरी आग आली तर त्याचा दुसरा जन्म होतो. पाकाने जुने मडके संपून नवे सुरू होते, असे म्हणणाऱ्या वैशेषिकांना ही हकीकत आवडली असती.

तेरच्या अंगणात कच्चे ठरलेले नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे गेले. परंपरा त्यांना पक्के झालेले मानते. पण त्यांचे पुढील आयुष्य पाहिले तर घडण्याची शक्ती त्यांनी गमावली असे दिसत नाही. पंढरपूर सोडून ते उत्तरेकडे गेले. पंजाबातील घुमान हे गाव आजही त्यांची स्मृती जपून आहे, आणि शिखांच्या ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. मराठीत अभंग रचणारा हा कवी दुसऱ्या भाषेच्या मातीतही मळला गेला. त्या अंगणात ज्याच्यावर ठसा उठला त्याचाच शब्द इतक्या दूरच्या भाषेत रुजावा, हा योगायोग असेल. परंतु मातीच्या गुणधर्मांशी तो सुसंगत आहे.

तेर हे प्राचीन तगर. सातवाहन काळापासूनच्या वस्तीचे अवशेष तेथे मिळाले आहेत आणि गावातील संग्रहालयात ते ठेवलेले आहेत. त्यांत मातीची भांडी आहेत, भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत, खापऱ्या आहेत. त्या कोणी घडवल्या त्याचे नाव उरलेले नाही. गोरोबांच्याही पूर्वी हजार-बाराशे वर्षांपासून त्या तशाच आहेत, असे पाहणाऱ्याला वाटते. त्या तशाच नाहीत. काचेच्या कपाटात, कोणाच्याही नकळत, त्या हवेतला ओलावा थोडाथोडा घेत आहेत.